वाटेत अडकले असतील

पडद्यावरची बाई काहीच बोलली नाही, आणि होंगनानचे ओठ मात्र हलून गेले.

सिनेमा संपत आला होता. मिठागराकाठचं लहानसं स्टेशन, बाकावर बसलेली ती, शेवटची गाडी येऊन गेलेली, फलाटावर कोणी उतरलेलं नाही. आता ती मान किंचित उजवीकडे वळवील आणि म्हणेल, “वाटेत अडकले असतील.” श्वास कुठे घ्यायचा ते होंगनानला ठाऊक होतं. अर्धा श्वास मान वळायच्या आधी, उरलेला वळल्यावर, आणि ‘अडकले’वर आवाज खाली सोडून द्यायचा, हातातली पिशवी जमिनीला टेकवावी तसा. अठ्ठेचाळीस वर्षांत तिने ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं, तरी अंधारात तिच्या छातीने तो अर्धा श्वास बिनचूक घेतला. पडद्यावरच्या पोरीने मान वळवली. मिठाच्या ढिगांकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच ठेवले. मग पडदा काळा झाला, नावं वर सरकू लागली, आणि होंगनानच्या तोंडात ते शब्द तसेच राहिले. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने तिच्याकडे वळून पाहिलं, म्हणजे थोडा आवाज बाहेर पडला असणार. होंगनानने रुमाल काढून तोंड पुसलं.

दिवे लागल्यावर दिग्दर्शक स्वतः तिच्यापाशी आला. युन त्याचं नाव, चाळिशीचा, कानाशी केस पांढरे होऊ लागलेला. जुन्या सिनेमावरून हा नवा सिनेमा त्यानेच काढला होता, आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच तिला फोन केला होता. “आजी, जुन्या सिनेमातली तुम्ही दोघंच उरलात,” तो म्हणाला होता. तिने “दोघं?” एवढंच विचारलं, आणि त्याने “कू बोनसोक आजोबा येतायत की, मुलगी घेऊन येणार आहे त्यांना,” असं सांगितल्यावर फोन दुसऱ्या कानाला लावला होता.

“कसा वाटला, आजी?”

“शेवटचं वाक्य का काढलंत?”

त्याला हा प्रश्न अपेक्षित असावा. तो अदबीने वाकून म्हणाला, “ठेवून पाहिलं होतं. लोक हसले. म्हणाले, अडकला असेल तर फोन करील ना.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने आवाज उतरवला. “खरं सांगू? तो येणार नाही हे तिला कळलेलं असतं. मग तिने स्वतःची समजूत कशाला घालायची?”

होंगनानने मान हलवली. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. त्याने जुना सिनेमा पाहिला होता, पण ऐकला नव्हता. ऐकणार कुठून? सरकारी संग्रहात त्याची एकच प्रत उरली होती आणि तिच्यावरचा आवाज केव्हाच खराब होऊन गेला होता. चित्र चालायचं, ओठ हलायचे, ऐकू काहीच यायचं नाही; शब्द उरले ते पटकथेच्या कागदांवर. वर्तमानपत्रं त्या सिनेमाला अजरामर म्हणत. अजरामर झाली ती नटी. तिचे डोळे, तिची मान, वाऱ्यावर उडणारी तिची बट. तेव्हा नटनट्या पडद्यावर नुसते ओठ हलवायचे; बोलायचे ते दुसरेच, मागाहून, एका खोलीत कोंडून घेऊन. त्या नटीचे त्या वर्षी सहा सिनेमे एकदम चालू होते. आपल्या तोंडून कोण बोलतंय हे बघायला ती एकदाही फिरकली नव्हती.

ती खोली सोलमधल्या छुंगमुरो या सिनेमावाल्यांच्या वस्तीत, एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली. बुटांचा आवाज नको म्हणून सगळ्यांनी बूट दाराशी काढायचे आणि नुसत्या मोज्यांनी गार फरशीवर उभं राहायचं. माइक एकच. बाई आणि पुरुष दोघांनी त्याच्यासमोर कानाला कान लागेल इतकं जवळ उभं राहायचं, हातातला कागद वाजू द्यायचा नाही, आणि भिंतीवर पुन्हा पुन्हा धावणाऱ्या त्याच चित्राच्या ओठांत आपले शब्द बसवायचे. कोपऱ्यात एक म्हातारा पाटीत भरड मीठ घेऊन बसलेला असे; पडद्यावर कोणी चाललं की पावलांच्या आवाजासाठी तो हाताच्या मुठींनी ते मीठ तुडवी. होंगनान तेव्हा सव्वीस वर्षांची होती, लग्नाला चार वर्षं झालेली. घरी सासू आणि नवरा. नवरा, दोंगछिल, छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आणि दिवसभर अक्षरं बघून आल्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, घरी अगदी मोजकं बोलायचा. बोनसोक एकतीसचा. त्याचा आवाज ऐकला की बायका रेडिओ मोठा करत. दिसायला बेताचा, डोक्यावर विरळ केस, दातांत फट. पण खोलीत दिवा मालवला, चित्र सुरू झालं की तो दिसतोय कशाला? उरायचा तो आवाज, आणि तो होंगनानच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर असायचा.

त्या सिनेमात मिठीचा एक प्रसंग होता. मिठागराची विधवा आणि पोलिसांपासून लपून राहिलेला तो माणूस. शब्द नव्हते, नुसते श्वास. दिग्दर्शकाला श्वास पसंत पडेनात. तो म्हणायचा, “हे काय, जिना चढल्यासारखं.” तेरा वेळा केलं. चौदाव्या वेळी बोनसोकने कागद खाली ठेवला, डोळे मिटले आणि पडद्याकडे न बघताच श्वास सोडला, आणि होंगनानने तो घेतला. म्हणजे तिला तसंच वाटलं, की त्याने सोडलेला श्वासच आपण आत घेतोय. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. कोणी कोणाला शिवलं नव्हतं. दिवा लागला तेव्हा मीठवाला म्हातारा पाटीत बघत बसला होता आणि दिग्दर्शक म्हणाला, “झालं. आता पुन्हा करू नका.” त्यानंतरही त्यांनी एकमेकांना फारसं कधी शिवलं नाही. एकदा जिन्यात त्याने तिच्या कोटाच्या बाहीवरचा मिठाचा कण झटकला. एकदा तिने त्याला सोललेले भाजके चेस्टनट दिले. बाकी जे बोलायचं ते पडद्यावरच्या त्या दोघांच्या तोंडून बोलून होत होतं. शेवटचं वाक्य नोंदवून झालं त्या संध्याकाळी तो दाराशी बूट घालता घालता, वर न बघता म्हणाला, “मला पूसानच्या रेडिओवर नोकरी लागलीय. बुधवारी सकाळी दहाची गाडी. स्टेशनच्या घड्याळाखाली असेन. आलीस तर दोन तिकिटं काढू.”

बुधवारी तिने निळं जाकीट घातलं. सासूला सांगितलं, रेकॉर्डिंग आहे. एका कापडात दोन झगे आणि आईचा कंगवा बांधला. बसथांब्यापर्यंत गेली. बस समोर दिसत होती, आणि तिला आठवलं की चुलीतली कोळशाची भोकाभोकांची चकती आपण बदललेलीच नाही. अर्ध्या तासात ती विझेल, चुलीच्या उष्णतेने खालून तापणारी घरातली फरशी गार पडेल. सासूला दमा होता. दोंगछिल संध्याकाळी परत येईपर्यंत म्हातारी गार फरशीवर पडून राहील. बदलून येऊ, तिने ठरवलं; पुढची बस मिळेल. घरी आली, चिमट्याने तळची जळून गेलेली चकती काढली, वरची पेटती खाली सरकवली, नवी तिच्यावर ठेवली, भोकावर भोक जुळवलं. नवी पेट घेईपर्यंत बसून राहावं लागतं. ती उकिडवी बसून राहिली. निळ्या जाकिटावर राख उडाली होती. चकती खालून लाल झाली, मग मधोमध झाली, मग वरपर्यंत. घरात घड्याळ नव्हतं, तरी दहा वाजून गेले हे तिला कळलं. आणि ती उठली नाही. चकती पेटल्यावरही कितीतरी वेळ ती तिथेच बसून होती. पुढे आयुष्यभर तिला ठरवता आलं नाही की त्या दिवशी सासूच्या दम्याने अडवलं, की भीतीने.

मात्र एक गोष्ट पक्की होती. तो थांबला होता. दहाची गाडी त्याने सोडून दिली असणार, मग बाराची. घड्याळाखाली, कोटाची कॉलर वर करून, विरळ केसांवर टोपी चढवून. तिने त्याला कधी पावसात उभं केलं, कधी बर्फात, वास्तविक तो बुधवार कोरडाच होता. तिने त्याच्या तोंडी ते वाक्यही घातलं. दर गाडी सुटली की तो मान वळवून रस्त्याकडे बघतो आणि स्वतःशीच म्हणतो, “वाटेत अडकली असेल.” संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिने त्याला तिथे उभा ठेवला. पोराच्या जन्माच्या वेळी, सासूचं गू-मूत काढताना, दोंगछिलबरोबर मुकाट्याने जेवताना, तो तिथे होताच. आपण एका माणसाचं आयुष्य मोडलं, हे तिला रोज उठून आठवायचं, आणि ते आठवलं की कणा ताठ व्हायचा. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं. आवाज होता, तोही दुसऱ्यांच्या तोंडी निघून गेला. पुढे नट स्वतःच बोलायला लागले तेव्हा काम आटलं. ती परदेशी कार्टूनमधल्या म्हाताऱ्या कोंबड्या आणि चेटकिणी बोलू लागली. पूसानचा रेडिओ सोलमध्ये कधी कधी खरखरत लागायचा, तेव्हा ती भांडी घासणं थांबवून ऐके. त्याचा आवाज दर वर्षी थोडा जाड होत गेला. एकदा, वीसेक वर्षांपूर्वी, त्या जुन्या दिग्दर्शकाच्या मयताला दोघं एकाच खोलीत आले होते. ती दिसताच त्याने मान फिरवली. ती आठवडाभर जेवली नव्हती. अजून जखम भरली नाही त्याची, तिला वाटलं होतं.

आता तो चित्रपटगृहाच्या बाहेरच्या दालनात एका लाल कोचावर बसला होता. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरलेली, कानात यंत्र. एक पंचेचाळिशीची बाई त्याच्या कोटाची बटणं लावत होती. होंगनान जवळ आली तशी ती बाई उठून वाकली. “तुम्हीच ना होंगनान मावशी? मी मिरान, यांची मुलगी. आई हयात असताना आम्ही बाबांना चिडवायचो, की बाबा, आईपेक्षा जास्त वेळा तुम्ही त्या दुसऱ्या बाईला ‘जीव जडलाय’ म्हणालात.” ती हसली. चांगली, मोकळी बाई होती. “बसा ना इथे. मी तळघरातून गाडी काढून आणते. दहा मिनिटं लागतील. जोरात बोला हं, त्यांना ऐकू येत नाही.”

दहा मिनिटं. होंगनान कोचावर बसली. त्याच्या उजव्या बाजूला, सवयीने.

“जाडी झालीस,” बोनसोक म्हणाला. आवाज पार फाटला होता. कवळीतून ‘स’ला शीळ वाजत होती.

“तुम्ही बारीक झालात.”

“काय?”

“बारीक झालात म्हटलं.”

“हां. ऑपरेशनमध्ये पोट काढलं ना अर्धं.” कुणी जुना कोट काढल्याचं सांगावं तसं त्याने सांगितलं. “पोरगी बरी आहे सिनेमात. पण बोलत नाही. आपल्या वेळी असं चाललं असतं का? पैसे कशाचे मिळाले असते आपल्याला?”

ती हसली नाही. समोर लाह्यांच्या काउंटरमागे गणवेशातली एक मुलगी कागदी डबे एकात एक घालत होती. हे वाक्य किती वर्षं तयार होतं. किती प्रकारे म्हणून पाहिलं होतं, श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं. ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “त्या दिवशी मी आले नाही.”

“काय?”

“त्या बुधवारी. मी आले नाही.”

“कोण आलं नाही? मिरान? येईल, गाडी आणायला गेलीय.”

मग होंगनानने पोटातून आवाज काढला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो तसा. “सोल स्टेशनवर. घड्याळाखाली. तुम्ही बोलावलं होतं आणि मी आले नाही. मला क्षमा करा.” डबे वाजायचे थांबले. काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

बोनसोकचे डोळे आधी कोरे होते. मग कुठून तरी त्यांत हळूहळू उजेड आला, आणि तो हसू लागला, खोकला लागेपर्यंत. “अगं, ते होय,” तो म्हणाला. “क्षमा कसली मागतेस? मी तर तुझे उपकार मानतो. मी तुला नाहीच म्हणायला आलो होतो तिथे.”

होंगनानने रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली.

“पूसानच्या साहेबांनी त्यांच्या भाचीचं स्थळ सुचवलं होतं. सोमवारी सुचवलं, मंगळवारी मी हो म्हणून बसलो. नोकरीच तशी होती, नाही म्हणायची सोय नव्हती. आणि पोरगी बरी होती. मिरानची आई ती. आता तुला कसं सांगायचं? घड्याळाखाली उभा राहिलो खरा, पण नजर रस्त्यावरून हलेना. म्हटलं ही गाठोडं घेऊन येणार, रडणार, लोक जमणार. दहाला दहा कमी झाले. तू नाहीस. पाच कमी झाले. तू नाहीस. देवाशप्पथ सांगतो होंगनान, आयुष्यात इतकं हायसं कधी वाटलं नाही. स्टॉलवर उभ्याउभ्या नूडल्सचा एक वाडगा ओढला आणि धावत गाडीत चढलो. जीभ पोळली होती. थेट अर्ध्या वाटेवरच्या देजॉनपर्यंत हुळहुळत होती.”

“किती वेळ थांबलात?” तिने विचारलं. आवाज चढवायला ती विसरली होती, पण त्याला ओठ वाचता आले असावेत. तोही त्याच धंद्यातला.

“पाच मिनिटं. सात म्हण. नूडल्ससकट दहा.” तो थोडा गंभीर झाला. “मी नेहमी म्हणायचो, ती बाई शहाणी. न सांगता तिला कळलं आणि माझी लाज राखली. तुला कळलं होतं ना?”

जिन्याच्या बाजूने लोक बाहेर पडत होते. कुणीतरी रडलेले डोळे पुसत होतं, कुणीतरी जेवायला कुठे जायचं विचारत होतं. होंगनानला नाही म्हणता आलं असतं. चकती, राख, निळं जाकीट, अठ्ठेचाळीस वर्षांच्या गाड्या, सगळं त्याच्या मांडीवर ओतता आलं असतं. त्याने यंत्र कानात नीट बसवलं असतं आणि ऐकलंही असतं. पण मग तो काय म्हणाला असता? अरेरे म्हणाला असता.

“हो,” ती म्हणाली. “कळलं होतं मला.”

“बघ.” त्याने काठी बाजूला ठेवली, कोचाच्या हाताला धरून तो कष्टाने उभा राहिला आणि तिच्यापुढे वाकला, खूप खाली, जेवढं त्या उरलेल्या पोटाने वाकू दिलं तेवढं. तिलाही उठून वाकावं लागलं.

“आणि मयताला?” तिने मान वर करताना विचारलं. “आपल्या दिग्दर्शकाच्या. तिथे तुम्ही मान का फिरवलीत?”

“तू होतीस तिथे?” तो चकित झाला. “मला दिसली नाहीस. या डोळ्यात मोतीबिंदू होता तेव्हा.”

मिरान आली. तिने वडिलांना दंडाला धरलं, होंगनानला घरापर्यंत सोडायचा फार आग्रह केला, आणि होंगनानने बस सोयीची आहे असं सांगितलं. काचेच्या दारातून बाहेर पडताना बोनसोक मुलीला काहीतरी सांगत होता आणि मुलगी हसत होती. त्याने मागे वळून हात हलवला. चेहरा प्रसन्न होता. एखादी जुनी गोष्ट पार पडली की माणूस दिसतो तसा.

बसमध्ये दुपारची गर्दी नव्हती. होंगनान खिडकीशी बसली आणि सवयीने तिने स्टेशनचं घड्याळ डोळ्यांपुढे आणलं. घड्याळ आलं. खाली कोणी नव्हतं. तिने पाऊस पाडून पाहिला, कोट, टोपी, कॉलर एकेक करून ठेवून पाहिलं. ते तिथे उभं राहीना. तिथल्या माणसाने वाडगा तोंडाला लावला होता आणि तो गाडीकडे धावत होता. इतकी वर्षं ज्याला मी उन्हापावसात उभं केलं तो कोण होता, तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी तिला, का कोण जाणे, न्हाव्याच्या दुकानाचा तो लाल-निळा फिरता खांब दिसला. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होता तो. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती संध्याकाळी परतायची तेव्हा दोंगछिल त्या खांबाशी उभा असायचा. घ्यायला आलो असं त्याने कधी म्हटलं नाही. ती आली की तो पुढे चालू लागे, ती मागून. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून पाळत ठेवतोय असं तिला वाटायचं. एका संध्याकाळी ती मुद्दाम मागच्या गल्लीतून घरी गेली. तो तासाभराने आला, थंडीने कान लाल झालेले, आणि सरळ जेवायला बसला.

दोंगछिलला जाऊन आता तेवीस वर्षं झाली होती. छातीचं दुखणं, अकरा दिवस इस्पितळात. त्या अकरा दिवसांतही ती त्याच्या उशाशी बसून दुसरीकडे होती.

त्याने तो सिनेमा पाहिला होता. हे तिला आता आठवलं, आणि तिने पुढच्या सीटची दांडी धरली. एकटाच गेला होता, छापखान्यातून परस्पर. परत आल्यावर मुळ्याच्या आमटीत भात कालवता कालवता त्याने सांगितलं होतं, सिनेमा बघून आलो. तिने पळी खाली ठेवली होती. पण त्याने बोनसोकबद्दल काही विचारलं नाही. खूप वेळ तो भात कालवत राहिला आणि मग म्हणाला, “ती बाई किती छान बोलते. तू घरी कधी तसं बोलत नाहीस.” तक्रार नव्हती. मुद्रितातली चूक दाखवावी तसं सांगितलं होतं. तिने आमटी वाढली होती.

घरी, अकराव्या मजल्यावर, तिने बूट काढले आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात उभी राहिली. खिडकीत अजून भरपूर उजेड होता. दोंगछिलचं ते वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. अक्षरं समोर दिसत होती, स्वच्छ, काळी, छापून आल्यासारखी, पण त्यांना आवाज नव्हता. दोंगछिल कसा बोलायचा? जाड की बारीक? ‘छान’ म्हणताना स्वर वर जायचा की खाली? एकदा ऐकलेला आवाज ती जन्मात विसरत नसे. त्या खोलीतले सगळे तिच्या या कानाला मानत. त्या मीठवाल्या म्हाताऱ्याचा खोकला तिला आत्ता करून दाखवता आला असता. तिने डोळे मिटले. तीस वर्षं एका छताखाली, एका फरशीवर. पाणी मागायचा, वर्तमानपत्र मागायचा, पोराला हाक मारायचा. ओठ हलताना दिसत होते.

कामाचं एक तंत्र तिला माहीत होतं. आवाज सापडत नसेल तर थांबून राहायचं नाही. ओठांकडे बघायचं, श्वास घ्यायचा आणि सरळ बोलून टाकायचं, आवाज आपोआप येतो. तिने पाय गार फरशीवर नीट रोवले. अर्धा श्वास घेतला. दोंगछिलची खाली झुकलेली मान समोर आणली, वाडग्यातला चमचा आणला.

“ती बाई किती छान बोलते,” ती म्हणाली, आणि बाहेर आला तो आवाज बोनसोकचा होता, तरुण, भरदार, कानापासून वीतभर अंतरावरचा. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तोच आला.